हाडाची मशागत



मातीचा नमुना कसा घ्यावा, राब किती भाजावा, रोपे गादीवाफ्यावर का करावीत, हे आपण या सदरातून नेहमी बोलतो. आज विषय थोडा वेगळा घेतला आहे. खरीप तोंडावर आला आहे. एकदा पावसाने जोर धरला की कर्जत-खालापूरच्या बांधांवर शेवाळ धरते, आवण काढताना नाहीतर भारा नेताना पाय घसरतो, आणि कुणाचा हात मोडला, कुणाचा खुबा मोडला अशा बातम्या गावोगाव ऐकू येतात. पडणारी पंधरा वर्षांची पोर असेल तर ती चिखल झटकून उठते. साठीची बाई असेल तर तिला उचलून आणावे लागते. बांध तोच, चिखल तोच. "वय झाले, हाडे कच्ची झाली," एवढे म्हणून आपण विषय सोडून देतो. पण हाड कच्चे होते म्हणजे नेमके काय होते? आणि ते होऊ नये म्हणून शेतकऱ्याच्या घरात काही करता येते का?

मी शेतकी शिकलेला माणूस, डॉक्टर नव्हे. तरी हा विषय माझ्या हद्दीत येतो असे मला वाटते. हाड कशाचे बनते? कॅल्शियम आणि स्फुरद यांचे. स्फुरदाचे पोते तर आपण दरवर्षी खांद्यावरून आणतो. गंमत अशी की या खताचा उगमच मुळी हाडांतून झाला. इंग्लंडात जॉन लॉज नावाच्या जमीनदाराने हाडांच्या चुऱ्यावर गंधकाचे आम्ल ओतून ते पिकाला लवकर लागू पडते हे दाखवले आणि १८४२ साली त्याचे पेटंट घेतले. तेच आपले सुपर फॉस्फेट. पुढे हाडांऐवजी खडकातले स्फुरद वापरू लागले, एवढाच फरक. तेव्हा हाडाकडे जमिनीच्या नजरेने पाहिले तर बिघडत नाही.

आधी हाडाची बांधणी पाहू. खांडस-कशेळ्याकडच्या वाड्यांवर कुडाची भिंत अजून दिसते. कारवीच्या काठ्या उभ्या-आडव्या बांधायच्या आणि दोन्ही अंगांनी शेण-मातीने लिंपायच्या. नुसत्या कारवीची भिंत वाऱ्याने लवते. नुसत्या मातीची भिंत धक्का लागला की तडकते. दोन्ही मिळाल्या की ती भिंत पाऊसकाळ काढते. हाडाची रीत हीच आहे. त्यातली कारवी म्हणजे कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे चिवट धागे, आणि लिंपण म्हणजे कॅल्शियम-स्फुरदाचे बारीक स्फटिक. वजनाने पाहिले तर ढोबळ मानाने दोन वाटे क्षार आणि एक वाटा प्रथिन व पाणी. क्षारामुळे हाड भार पेलते, धाग्यांमुळे ते लवते आणि धक्का सोसते.

हे खरे की खोटे ते घरी पाहता येते. कोंबडीच्या तंगडीची दोन हाडे धुऊन पुसून घ्या. एक बाटलीत घालून वर व्हिनेगर ओता. दर दोन दिवसांनी व्हिनेगर बदला. आठवडाभरात त्यातला क्षार विरघळून जातो आणि हाड रबरासारखे वाकते. बारीक असेल तर त्याला गाठसुद्धा मारता येते. दुसरे हाड चुलीच्या निखाऱ्यात चांगले भाजा. आकार तसाच राहील, रंग पांढरा होईल, पण बोटाने दाबले की चुरा. आगीने त्यातली कारवी जळाली, माती तेवढी उरली. माळकरी मंडळींनी हा प्रयोग वाचूनच समजून घ्यावा. तसे पाहिले तर आपण सर्वांनी तो पाहिलेलाच आहे. तिसऱ्या दिवशी स्मशानात अस्थी सावडायला जातो तेव्हा हाताला लागतात ती हाडे अशीच पांढरी आणि भुसभुशीत असतात. माणूस जळतो पण त्याच्या हाडातला क्षार जळत नाही.

आता आतली रचना. मांडीचे हाड आडवे कापले तर बाहेर घट्ट, हस्तिदंतासारखा थर दिसतो आणि मधे पोकळी. बांबूसारखेच. भरीव काठीपेक्षा त्याच वजनाची पोकळ नळी वाकायला अधिक विरोध करते, हे बांबू निसर्गतःच जाणतो. हाडाच्या दोन्ही टोकांना मात्र, म्हणजे खुब्याजवळ आणि गुडघ्याजवळ, आत जाळीदार भाग असतो, पावाच्या तुकड्यासारखा. मणक्यांतही तोच अधिक. ती जाळी वेडीवाकडी वाटते, पण तिच्या काड्या ज्या बाजूने भार येतो त्याच बाजूने उभ्या असतात, जसे घराच्या वाशांना आपण भार पाहून टेकू देतो तसे. वरच्या घट्ट थरातही बारीक नळ्यांचे पाट असतात. इंग्लंडच्या क्लॉप्टन हॅव्हर्स या डॉक्टरने १६९१ साली त्यांचे वर्णन केले म्हणून त्यांना त्याचेच नाव आहे. या पाटांतून रक्त वाहते. प्रत्येक पाटाभोवती हाडाचे थर कांद्याच्या पाकळ्यांसारखे एकावर एक बसलेले असतात.

रक्त वाहते, हे वाक्य जरा थांबून वाचा. आपल्याला वाटते हाड म्हणजे दगड. घराला जसा पाया, तसे शरीराला हाड, एकदा घातले की झाले. तसे नाही. हाड जिवंत आहे. त्यात काम करणाऱ्या पेशी आहेत आणि त्या दिवसरात्र खपतात. एक टोळी जुने हाड खणून काढते, तिच्यामागून दुसरी टोळी नवे हाड घालते. बांधाची डागडुजी आपण कशी करतो? ढासळलेला भाग आधी खरवडून काढायचा, मग नवी माती घालून चोपायची. अगदी तसेच. अशी खणती-भरती चालू राहून मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी नवा होतो. म्हणजे दहा वर्षांपूर्वी तुमच्या अंगात होते त्यातले बरेचसे हाड आज तुमच्या अंगात नाही. तिसऱ्या जातीच्या पेशी हाडाच्या आतच, बारीक कोनाड्यांत बसून राहतात आणि एकमेकींना केसाएवढ्याही नसलेल्या वाटांनी जोडलेल्या असतात. कुठे भार पडतो, कुठे भेग गेली, याची खबर त्या देतात. पाण्याच्या पाळीवर लक्ष ठेवणारा पाटकरी असतो ना, तसे त्यांचे काम.

भार पडेल तिथे हाड वाढते आणि भार पडणार नाही तिथे झिजते, हा नियम जर्मनीच्या युलियस वोल्फ या शस्त्रवैद्याने १८९२ साली मांडला. अवकाशात जाणाऱ्या माणसांना वजन उरत नाही, तर त्यांच्या खुब्याचे हाड महिन्याला शंभरातले एक ते दीड टक्का कमी होते. प्लॅस्टर काढल्यावर पाय बारीक झालेला दिसतो त्यात मांस जसे कमी झालेले असते तसे हाडही. म्हणून म्हाताऱ्या माणसाला "आता तुम्ही बसून राहा" असे म्हणण्यात माया असली तरी हित नाही. परसात फिरू द्या, शेरडे राखू द्या, भाजी निवडायला वाकू नका असे फार तर सांगा.

हाडाचे दुसरे काम रक्त तयार करण्याचे. आतल्या जाळीत लाल मगज असतो, तिथे रक्ताच्या पेशी जन्मतात. लहान मुलाच्या जवळजवळ सगळ्या हाडांत, मोठ्या माणसाच्या छाती, बरगड्या, मणके, कमरेच्या हाडांत. याच ठिकाणी एक गोष्ट सांगून ठेवतो. राज्यातल्या आदिवासी समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. त्यात रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात, हाडातल्या बारीक पाटांत अडकतात आणि हाडे भयंकर दुखतात. ऐन जवानीत खुबा निकामी झालेला मुलगा पाहिला की लोक भूतबाधा म्हणतात. सरकारी रुग्णालयात रक्त तपासून घ्यावे. लग्न जमवतानाही तपासून घ्यावे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. हाड हे शरीराचे कोठार आहे.

मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे एक किलो कॅल्शियम असते. त्यातले शंभरात नव्याण्णव भाग हाडांत आणि दातांत. उरलेला एक भाग रक्तात आणि मांसात. पण तो एक भाग फार मोलाचा. त्याच्याशिवाय हृदय ठोका देत नाही, स्नायू आखडत नाही, जखमेवरचे रक्त गोठत नाही. म्हणून शरीर काहीही झाले तरी रक्तातले कॅल्शियम कमी होऊ देत नाही. शंभर मिलिलिटर रक्तात साधारण ९ ते साडेदहा मिलिग्रॅम, याच्या खाली नाही. यावर पहारा ठेवायला गळ्यात भाताच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी आहेत. जेवणातून कॅल्शियम आले तर ठीक. नाही आले, तर या ग्रंथींचा निरोप जातो आणि हाड खणणारी टोळी कामाला लागते. कोठारातले धान्य काढून आजची चूल पेटवायची. एक दिवस, एक महिना चालेल. वीस वर्षे रोज काढत राहिलात तर?

म्हशीचे उदाहरण घ्या, म्हणजे पटेल. चांगली दुधाळ म्हैस वितेे आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मान पोटाकडे वळवून बसते, कान गार पडतात, उठत नाही. याला दुग्धज्वर म्हणतात, नावात ज्वर असला तरी अंगात ताप नसतो. चिकात आणि दुधात एकदम इतके कॅल्शियम जाते की हाडातून तितक्या झटपट निघत नाही. पशुवैद्य शिरेतून कॅल्शियम देतात आणि मेल्यासारखी पडलेली म्हैस तासाभरात उभी राहते. तुमच्यापैकी कित्येकांनी हे डोळ्यांनी पाहिले असेल. म्हशीसाठी आपण धावत जाऊन डॉक्टर आणतो, मिनरल मिक्श्चर आणतो. घरातली बाळंतीणही वर्ष वर्ष दूध पाजते. तिचेही कॅल्शियम त्या दुधातून जाते. ती पडत नाही, कारण तिचे हाड गुपचूप पुरवठा करते. अंगावर पाजणे थांबले आणि खाणे चांगले असले की ते हाड बहुतेक भरून येते. पण खाणे बेताचे, पाठोपाठ दुसरे मूल, आणि सकाळपासून लावणी, तर कोठार भरणार कधी?

भरण्याचाही हंगाम ठरलेला आहे. जन्मताना बाळाच्या अंगात सुमारे तीनशे कच्चे-पक्के तुकडे असतात, ते सांधत सांधत मोठेपणी २०६ हाडे होतात. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची एक पट्टी असते, तिथे हाड लांबीने वाढते. ती पट्टी वयात आल्यावर बंद झाली की उंची संपली. पण हाडाचा घट्टपणा तिशीपर्यंत वाढत राहतो. त्यानंतर नवे कोठार बांधले जात नाही, आहे ते राखायचे. आणि बाईची पाळी गेली की पुढची पाच-दहा वर्षे झीज एकदम वाढते, कारण खणणाऱ्या टोळीला आवरणारा अंगातला रस कमी पडतो. पुरुषाचीही झीज होते, पण संथ. म्हणजे दहा वर्षांच्या मुलीला जे खायला घालाल त्यावर ती साठीत बांधावरून घसरली तर काय होईल ते ठरते.

आणि हा पाठीचा बाक. "जन्मभर लावणी केली म्हणून कंबर वाकली," असे आपण म्हणतो. लावणीने कंबर दुखते, त्रास होतो, हे खोटे नाही. पण म्हातारपणी पाठीला जो पोक येतो तो बहुधा मणक्यांच्या आतली जाळी विरळ होऊन मणके पुढच्या बाजूने दबल्यामुळे येतो. पाचरीसारखे होतात. बाई उंचीने कमी होते, लुगडे पायात येते. कित्येकदा मणका दबला तेव्हा तिला कळतही नाही. चार दिवस पाठ धरली, शेक घेतला, पुन्हा कामाला. अशा बाईने वाकून घमेले उचलणे सर्वांत वाईट. तिच्याकडून उकिडवे बसून उचलण्याचे काम करून घ्या, नाहीतर ते काम दुसऱ्याला द्या.

आता खाण्याचे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आपल्या अन्नधान्यांचे पृथक्करण करून २०१७ साली तक्ते प्रसिद्ध केले. त्याप्रमाणे शंभर ग्रॅम सडलेल्या तांदळात कॅल्शियम दहा मिलिग्रॅमसुद्धा नाही. गव्हाच्या, ज्वारीच्या, बाजरीच्या पिठात तीसच्या आसपास. आणि नागलीत ३६४! मोठ्या माणसाची दिवसाची गरज त्याच संस्थेने २०२० साली एक हजार मिलिग्रॅम धरली आहे, अंगावर पाजणारीची बाराशे. नागलीच्या एका भाकरीला साठ-पासष्ट ग्रॅम पीठ लागते, म्हणजे एका भाकरीत सव्वादोनशेच्या आसपास कॅल्शियम. पेलाभर दुधाएवढे. भाताच्या ताटाने ही गरज कधीच भागणार नाही, मग ते कर्जत-३ असो की कर्जत-७. आपल्या संशोधन केंद्राने काढलेल्या भाताच्या वाणांचा मला अभिमान आहे, पण भाताचे काम पोट भरण्याचे. हाडाचे काम त्याच्याकडून होणार नाही.

नागली आपल्या वरकस जमिनीचे पीक. डोंगरउतारावर नागली, वरी आणि खुरासणी हीच आपली पेर. भिवपुरीच्या वीजघराचे पाणी राजनाल्यातून मिळते तिथे उन्हाळी भातही होतो, पण वरकसावर दुसरे काय येणार? मागे एका वाडीवर महिलांच्या बैठकीत मी नागलीचा विषय काढला. एक आजी म्हणाल्या, "साहेब, नागली आता कोन खातंय? सून म्हनते, काळी भाकर नको, पाव्हने हसतात." सून तिथेच बसली होती. ती म्हणाली, "खाईन की, पन पिकवायला जमीन हाय कुठं? वरकस तर शेतघरवाल्यांनी घेतला." दोघींचेही खरे होते. नेरळपासून कशेळ्यापर्यंत उतारावर कुंपणे आणि फाटके पाहिली की तिथे कधी नागलीची खळी होती हे नव्या पिढीला सांगूनही पटणार नाही. २०२३ हे साल साऱ्या जगाने भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. शहरात नाचणीची बिस्किटे महाग मिळू लागली, आणि ज्यांनी ती पिढ्यान् पिढ्या खाल्ली त्यांच्या ताटात रेशनचा तांदूळ उरला. मला याचा राग येतो, हे लपवत नाही.

ज्यांचा दोन-चार गुंठे वरकस शिल्लक आहे त्यांनी घरापुरती तरी नागली करावी. दापोली-१, दापोली-२ हे आपल्या विद्यापीठाचे वाण चांगले आहेत. जूनमध्ये रोप टाकून जुलैत लावणी करा, नुसते फोकून देऊ नका, उत्पन्नात फरक पडतो. खाताना एक युक्ती. नागलीत एक आम्लही असते जे कॅल्शियमला धरून ठेवते. नागली भिजवून मोड आणून वाळवली आणि मग दळली, किंवा आंबवून आंबील केली, तर ते बरेच कमी होते आणि कॅल्शियम अंगी लागते. आपल्या आज्या लहान मुलांना नाचणीसत्त्व देत, त्यात शहाणपण होते.

नागलीशिवाय काय? तीळ, शंभर ग्रॅमला हजाराच्या वर; संक्रांतीपुरता न ठेवता चटणी करा. शेवग्याचा पाला, तीनशेच्या वर. परसात एक झाड पुरे. बाजारातला जवळा, सुकट, कारण ती अख्खी खाल्ली जाते. वलगणीचे बारीक मासे काट्यासकट. आणि दूध. दुधाविषयी मला स्पष्ट बोलायचे आहे. गोठ्यात दोन म्हशी आणि घरात दूध चहापुरते, हे चित्र चौक-वावोशीकडे मी घरोघर पाहिले आहे. डेअरीचे पैसे लागतात, मान्य. पण वाढत्या पोरीचा एक पेला बाजूला काढून मग कॅन भरा. चुन्याबद्दल काहीजण विचारतात. तंबाखूत मळून चुना खाल्ला तर हाडाला मिळेल का? तंबाखू आणि बिडी हाडाचे शत्रू आहेत. मिश्री लावणाऱ्या भगिनींनीही हे ध्यानात घ्यावे.

नुसते खाऊन भागत नाही. पोटातले कॅल्शियम रक्तात ओढून घ्यायला ड जीवनसत्त्व लागते आणि ते उघड्या कातडीवर ऊन पडून तयार होते. कोवळे ऊन चांगले असे आपण म्हणतो, पण या कामाला अकरा ते तीनमधले ऊन अधिक उपयोगी, आणि काचेतून आलेले काहीच कामाचे नाही. शेतावर राबणाऱ्याला त्याची वाण पडत नाही असे वाटेल. पण आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, चार महिने आभाळ झाकलेले. घरातच राहणारी म्हातारी, अंधाऱ्या खोलीतली बाळंतीण आणि तिचे तान्हे यांना ऊन मिळत नाही. मुलाचे पाय धनुकलीसारखे वाकणे, मनगटे रुंद होणे, हा मुडदूस. तो ड जीवनसत्त्वाच्या आणि कॅल्शियमच्या तुटीने होतो. दृष्ट काढून तो जात नाही. लवकर डॉक्टरांना दाखवले तर जातो.

भुकेची नोंद हाडात कशी राहते, याचा पुरावा घाटावर सापडला आहे. खांडसहून आपण भीमाशंकरला चढतो. त्या भीमेला पुढे मिळणाऱ्या घोड नदीच्या काठी, शिरूर तालुक्यात, इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर, डॉ. अन्सारी या मंडळींनी तिथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकऱ्यांचे गाव निघाले. ते लोक आपली मेलेली मुले घराच्याच जमिनीखाली, दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत पुरत. अशी दोनशेच्यावर दफने मिळाली. अभ्यासकांनी त्या चिमुकल्या हाडांची मापे घेतली. दात आपल्या वेळेवर येतात, ते भुकेला फारसे जुमानत नाहीत. हाड मात्र खुंटते. म्हणून दातांवरून मुलाचे वय काढायचे आणि हाडाची लांबी-जाडी त्या वयाला पुरेशी आहे का ते पाहायचे. गावाच्या शेवटच्या काळात, जेव्हा पाऊस कमी होऊन शेती खालावली असे उत्खनन करणाऱ्यांचे मत आहे, त्या काळातल्या मुलांच्या हाडांत वाढ खुंटल्याच्या खुणा दिसल्या. त्या आयांनी काय सोसले असेल ते कुणी लिहून ठेवलेले नाही. अंगणवाडीत ताई मुलाचे वजन-उंची घेते ना, तोच हा हिशेब, तीन हजार वर्षे उशिरा मांडलेला. वीटभट्टीवर आई-बापांबरोबर जाणाऱ्या आपल्याकडच्या कातकरी मुलांचे वजन-उंची त्या सहा महिन्यांत कोण घेते, हा प्रश्न मी वाचकांपुढे ठेवतो.

शेवटी मोडलेल्या हाडाविषयी. हाड मोडले की तिथे रक्त साकळते, त्यात धागे शिरतात, मऊ कूर्चेची गाठ बनते, मग तीत क्षार भरून ती टणक होते आणि पुढे वर्षभर घासून-पुसून जुना आकार येतो. कातडीवर व्रण राहतो, हाडावर राहत नाही. ते नव्याने हाडच होते. लहान मुलाचे मनगट चार-सहा आठवड्यांत जुळते, मोठ्या माणसाच्या मांडीला तीन-चार महिने लागतात. जुळवण्याचे काम शरीर करते. आपले काम एवढेच, तुकडे सरळ ठेवायचे आणि हलू द्यायचे नाहीत.

हाडवैद्याकडे जावे का? आपल्याकडे काहींच्या हाताला गुण आहे असे लोक मानतात, आणि मुका मार, मुरगळ त्यांच्याकडे बरी होतेही. कांडवेलीचा लेपही लावतात. त्या वेलीवर शास्त्रज्ञांनीही काम केले आहे, पण वाकडे जुळत असलेले हाड लेपाने सरळ होत नाही. आणि खरा धोका लेपात नाही, बांधणीत आहे. बांबूच्या कामट्या आवळून बांधल्या, आत सूज वाढली, तर रक्त थांबते आणि हात-पाय काळा पडतो. मग तो कापण्यावाचून उपाय नसतो. कुणीही बांधलेले असो, प्लॅस्टर असो की कामट्या, बोटांची टोके उघडी ठेवा आणि तासातासाला पाहा. नख दाबून सोडले की गुलाबी रंग लगेच परत आला पाहिजे. बोटे गार, निळी, बधीर झाली किंवा वेदना वाढतच गेल्या तर रात्र आहे म्हणून थांबू नका, बांधणी सैल करा आणि निघा.

बांधावर कुणी पडले तर चोळू नका, ओढून सरळ करू नका. मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे धरून फळी किंवा घडी केलेले घोंगडे सैलसर बांधा. हाड बाहेर आले असेल तर आत ढकलू नका, स्वच्छ धुतलेल्या फडक्याने झाका. धनुर्वाताचे इंजेक्शन त्याच दिवशी हवे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवा, कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय किंवा जवळचे सरकारी रुग्णालय गाठा. मान किंवा पाठ लागली असेल तर झोळीत घालून उचलू नका, दार काढा आणि त्यावर आडवे न्या. आणि घरातली म्हातारी पडून तिचा पाय बाहेर वळला, आखूड झाला, टेकवत नाही, तर खुबा मोडला असे समजा. "या वयात कुठे ऑपरेशन" म्हणून तिला पडवीत खाटेवर टाकू नका. पडून राहिलेल्या म्हातारीला पाठीला जखमा होतात, छातीत कफ भरतो, आणि ती हाडाने नव्हे, त्या अंथरुणाने जाते. शस्त्रक्रिया दोन-चार दिवसांत झाली तर पुष्कळजणी काठी घेऊन पुन्हा परसापर्यंत जातात.

पावसाआधी मागच्या दारची मोरी आणि विहिरीची पायरी खरवडून शेवाळ काढा, आणि रात्री बाहेर जाताना म्हातारीच्या हातात काठी आणि विजेरी द्या. पडणाऱ्यांपैकी पुष्कळजणी शेतात नव्हे, घराच्या उंबऱ्याशीच पडतात.

खेकड्यांनी बांध पोखरल्याची आणि रोपे कुरतडल्याची तक्रार खालापूरकडच्या बऱ्याच वाचकांनी कळवली आहे. खेकड्याचे हाड बाहेर आणि मांस आत, आपल्या उलट. त्याच्या बंदोबस्ताविषयी पुढच्या अंकात.